पांढऱ्या पट्ट्यांचा डास म्हणजे डेंग्यूचाच का? ओळखायचा कसा?

फुलेवाडीचा_अम्या
मंडळी, राम राम. आमच्या गल्लीत पंधरा दिवसात दोघांना डेंग्यू निघालाय. एक शेजारच्या काकांचा नातू, आता बरा आहे, पण तेव्हापासून गल्लीत डास दिसला की "ह्यो बघ डेंग्यूचा" म्हणून दंगा. आमची बायको तर पायावर पांढरं दिसलं की चप्पल घेऊन मागंच लागते.
काल मी ग्लास पालथा घालून दोन डास धरले. एक बारका, काळाकुट्ट, पायात पांढऱ्या रिंगा, सकाळी दहाला टेबलाखाली पोटरीला चावत होता. दुसरा त्याच्या दीडपट, त्याच्यावरबी पांढरं हाय, पण त्याची सोंड खाली वाकल्यागत दिसते आणि तो दिवेलागणीला बाथरूमच्या बाजूनं झुंडीनं येतोय. काका म्हणतात दोन्ही डेंग्यूचेच, एक नर एक मादी. मला काय पटंना. नेटवर फोटो बघितले तर सगळेच सारखे दिसायलेत. साध्या डोळ्यानं किंवा मोबाईलनं ओळखायची खात्रीची खूण काय आहे का?

तांबडा_पांढरा
भावा, चावल्यावर विचारायचं, "कुठल्या गावचं पाव्हणं?"

बिंदू_चौकातला
चप्पल कोल्हापुरी हाय काय? मग डास काय, काका पण जाग्यावर पलटी.

पुणे३०
एवढं संशोधन कशाला? डास तो डास. सगळेच मारा, कॉइल लावा, मोकळे व्हा. नर कुठला, मादी कुठली, जात कुठली हे बघत बसलात तर तोवर तो चावून जाईल.

भिंगवाली_ताई
अम्या, प्रश्न चांगला विचारलास. मी प्राणिशास्त्र शिकवते, डासांचे डबे घरात ठेवते म्हणून सासूबाईंची बोलणी खाते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.
पहिल्यांदा काकांचं. नर-मादी अंगाच्या मापावरून ठरत नाही. अळीला खायला किती मिळालं त्यावर डास बारका का मोठा हे ठरतं, एकाच बॅरेलमधले दोन भाऊ पण लहानमोठे निघतात. नर ओळखायचा मिशांवरून. नराच्या मिशा झुपकेदार, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या. मादीच्या विरळ, चारदोन केस असलेल्या. आणि नर चावतच नाही, तो फुलातला रस पितो. तुझ्या पोटरीला चावली ती बाईच.
आता पांढऱ्या पट्ट्या. "पायात रिंगा म्हणजे डेंग्यू" हे पोस्टरवरचं वाक्य अर्धंच खरं आहे. रिंगा बऱ्याच डासांना असतात. बघायची ती पाठ, म्हणजे डोक्यामागचा फुगीर भाग जिथं पंख आणि पाय जोडलेले असतात तो. एडिस इजिप्ती, आपल्याकडचा डेंग्यूचा मुख्य डास, त्याच्या पाठीवर दोन्ही कडांना बाकदार पांढऱ्या रेघा असतात, कंस काढल्यासारख्या, आणि मधे दोन बारीक समांतर रेघा. इंग्रजी पुस्तकात त्याला लायर नावाच्या वाद्याची उपमा देतात, ते वाद्य आपल्यात कुणी बघितलेलं नाही, मी पोरांना सांगते की दोन विळे समोरासमोर ठेवल्यागत दिसतं. त्याचा चुलतभाऊ एडिस अल्बोपिक्टस, तो पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो, त्याच्या पाठीवर बरोबर मधोमध एकच पांढरी रेघ, भांगात खडू ओढल्यासारखी. बाकी अंगावर, पायावर दोघं जवळजवळ सारखेच.
तुझ्या मोठ्या डासाबद्दल एक सांग. पांढरं नेमकं कुठं आहे, पायावर का पोटाच्या कडेला? परत बघ आणि मग लिही. आणि हो, टाळी मारून मारू नकोस, पाठीवरची नक्षी म्हणजे बारीक खवले असतात, फुलपाखराच्या पंखावर असतात तसे, हात लागला की पुसले.

सखी_कागल
ताई लई भारी. मी आत्ता एक मारला आणि बघायला गेलो तर नुसता काळा डाग राहिलाय 😂 आता कळलं टाळी का मारायची नाही ते.

पुणे३०
"मी गेलो"? आयडी सखी आहे ना?

सखी_कागल
आमच्याकडं पोरी "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. तुम्ही डासाची जात ओळखा, आमची नको.

निवृत्त_सुपरवायझर
नमस्कार. पस्तीस वर्षं हिवतापाच्या कामात काढली, आधी घरोघर फिरून रक्ताच्या काचा घेतल्या, मग डासअळ्या तपासण्यात. पुणेकरांना उत्तर द्यायला लॉगिन केलं.
ओळखायचं कशाला? तर जात कळली की पाणी कळतं. प्रत्येकाचं घर वेगळं. इजिप्ती घरातल्या साठवलेल्या पाण्यातला: बॅरेल, हौद, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली. क्युलेक्स गटारातला, घाण पाण्यातला, तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा म्हणून आम्ही त्याला ओळखतो. ॲनोफिलिस हिवतापाचा, त्यात शहरातला स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाकीत नि विहिरीत. लोक डेंग्यू आला की गटारीवर धूर मारा म्हणून भांडतात आणि इजिप्ती तिकडं किचनमध्ये फ्रिजमागं निवांत. धूर गेला की तासाभरात नवीन डास कोषातून बाहेर. म्हणून "डास तो डास" हे काही खरं नाही साहेब.
बाकी आम्हाला फिल्डवर उडणारा डास बघायला वेळच नसायचा, आम्ही अळी बघायचो. पांढरं पळं, हातात बॅटरी, एवढंच सामान. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या वरच्या थराला आडवी, काडी तरंगल्यासारखी, कारण तिला श्वासाची नळीच नसते. क्युलेक्सची लांब बारीक नळी, डोकं खाली करून तिरकी लटकते. एडिसची नळी आखूड, जाड, आणि ती जवळजवळ उभी लटकते. बॅटरीचा उजेड पडला की सापासारखी वळवळत तळाला जाते आणि वर यायला बराच वेळ लावते, त्यामुळं नवीन पोरं "पाणी स्वच्छ आहे" म्हणून सही करून जायची. थांबायचं. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की येतात वर.

तांबडा_पांढरा
दोन मिनिटं गप्प उभं राहायचं? कोल्हापुरात? आण्णा, जमायचं न्हाई.

गगनबावड्याचा_वाटाड्या
आमच्या परसात दिवसा चावणारा जो आहे त्याच्या पाठीवर एकच रेघ आहे, ताईंनी सांगितल्यासारखी. बांबूच्या खुंटात, झाडाच्या ढोलीत, पडलेल्या करवंटीत पाणी साचतं तिथला. म्हणजे अल्बोपिक्टस ना? घरात फारसा येत नाही, बाहेर झाडीत उभं राहिलं की तुटून पडतो.
आणि एक तिसरा आहे. सड्यावर कातळाच्या खळग्यात पावसाचं पाणी राहतं त्यातून निघतो. त्याच्या पाठीवर रेघा नाहीत, बारीक पांढरे ठिपके आहेत. तो काय?

भिंगवाली_ताई
वाटाडे, नजर चांगली आहे तुमची. पहिला अल्बोपिक्टसच, त्याला झाडी लागते. ठिपकेवाला एडिस व्हिटॅटस, पाठीवर ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात, मोजून बघा. कातळातले खळगे हेच त्याचं आवडतं घर.
आण्णांचं आखूड-लांब नळीचं सगळं बरोबर आहे, पण त्यावरून एडिस एवढंच कळतं, इजिप्ती का अल्बोपिक्टस ते नाही. अळीवरून तेही कळतं, मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. पोटाच्या आठव्या भागावर काट्यांची एक ओळ असते, कंगव्यासारखी. इजिप्तीच्या एकेका काट्याला मधला दात लांब आणि बाजूला आणखी ठसठशीत दात, म्हणजे त्रिशूळच. अल्बोपिक्टसचा काटा साधा सरळ, बाभळीचा. माझे विद्यार्थी पेपरात "महादेवाचा इजिप्ती" असं लक्षात ठेवतात, आणि एकानं तर उत्तरपत्रिकेतही तसंच लिहिलं होतं. मी मार्क दिले.

बिंदू_चौकातला
हर हर महादेव. पण ताई रंकाळ्यावर संध्याकाळी डोक्यावर जो ढग येतो, चालेल तिकडं मागं मागं येतो, त्यातले सगळे चावायला लागले तर माणूस चौपाटीवर भेळ खाताना सांगाडाच उरायचा. ते कुठले?

भिंगवाली_ताई
ते बहुतेक डासच नव्हेत. कायरोनोमिड म्हणतात, दिसायला डासासारखे, नरांच्या मिशा झुपकेदार, पण तोंडाला चावणारी सोंडच नाही. बसले की पुढचे दोन पाय वर उचलून धरतात, डास मागचे दोन उचलतो. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात असतात, लालभडक, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. लोक टाकीत लाल अळी बघून घाबरतात, ती हीच. भेळ खुशाल खावा, तोंड मिटून चाला.

निवृत्त_सुपरवायझर
तळ्याचा विषय निघालाय म्हणून. केंदाळ माजलं की मॅन्सोनिया येतो. त्याची अळी हवा घ्यायला वर येतच नाही, केंदाळाच्या मुळात नळी खुपसून तिथली हवा ओढते. त्यामुळं पळी मारून सापडत नाही. आणि ह्याच्या पायावर रिंगा असतात! पोस्टर वाचून आलेली माणसं ह्यालाच डेंग्यूचा म्हणायची. पण हा काळा नव्हे, मळकट पिवळसर तपकिरी, पंखांवर मीठमिरी शिंपडल्यागत रुंद खवले. केरळात हत्तीरोगासाठी बदनाम आहे. भातशेतीतला एक क्युलेक्स, जपानी मेंदूज्वराचा, त्याच्या सोंडेवरच मधे फिकट पट्टा. तेव्हा पट्टा दिसला म्हणून धावायचं नाही, कुठल्या अवयवावर आहे ते बघायचं.

वाचनवेडा_कसबा
ह्या "कुठला डास" प्रश्नानं रोनाल्ड रॉसची पण दोन वर्षं खाल्ली होती. हिवताप डासातून पसरतो हे सिद्ध करायला तो सिकंदराबादेत बसला होता, पण डासांच्या जाती त्याला कळत नव्हत्या. करड्या आणि पट्टेवाल्या डासांवर, म्हणजे आजच्या भाषेत क्युलेक्स आणि एडिसवर प्रयोग करत राहिला, पोटं फाडून फाडून डोळे गेले, काही मिळेना. मग पंखांवर ठिपके असलेले थोडे तपकिरी डास हाताला लागले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागं एक आणा देऊन चावून घेतले, आणि 20 ऑगस्ट 1897 ला त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे काळ्या कणांचे गोळे दिसले. ते ॲनोफिलिस होते. 1902 चं नोबेल ह्याच कामाला. म्हणजे पंखावरचे ठिपके आधी बघितले असते तर दोन वर्षं वाचली असती.

पुणे३०
हे आवडलं. ठीक आहे, मघाचं "डास तो डास" मागे घेतो. पण मग सोपी खूण सांगा ॲनोफिलिसची. आमच्या सोसायटीच्या टाकीवर झाकण नाही आणि सेक्रेटरी ऐकत नाहीत.

भिंगवाली_ताई
भिंतीवर बसला की बघा. ॲनोफिलिस ढुंगण वर करून तिरका बसतो, साधारण 45 अंशात, खिळा ठोकल्यासारखा. क्युलेक्स आणि एडिस कुबड काढून भिंतीला समांतर. ॲनोफिलिसच्या पंखांवर काळेपांढरे ठिपके. आणि धरलात तर तोंड बघा: सोंडेच्या दोन्ही बाजूला दोन दांड्या असतात, त्या मादी ॲनोफिलिसमध्ये सोंडेएवढ्याच लांब, म्हणजे तीन सोंडा असल्यासारखं दिसतं. बाकीच्यांच्या माद्यांत त्या आखूड, शोधाव्या लागतात.
पण अंगावरच्या खुणांनाही एक हद्द आहे. गावाकडचा हिवतापाचा ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा एक नसून पाच जुळी भावंडं आहेत, ए बी सी डी ई अशी. भिंगाखाली पाचही सारखीच, गुणसूत्रं किंवा डीएनए बघितल्याशिवाय कळत नाहीत, आणि त्यातलं बी हिवताप पसरवण्यात अगदीच कच्चं. युरोपात तर ह्यावरून मोठा गोंधळ होता, एका गावात डास आहेत आणि हिवताप आहे, शेजारच्या गावात तोच डास आहे आणि हिवताप नाही. शेवटी 1926 मध्ये फाल्लेरोनी नावाच्या इटालियन माणसानं अंडी बघितली, तर अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी. मोठे डास सारखे, अंडी वेगळी!

सखी_कागल
म्हणजे आईच्या पोटातनंच वेगळे. आमच्या घरात पण तसंच हाय, मी आणि बहीण.

तांबडा_पांढरा
विषय निघालाच हाय तर पिसवांचं पण सांगा. आमची पणजी सांगायची, प्लेग आला की घरात उंदीर पडायचे आणि सगळी गल्ली माळावर झोपड्या टाकून राहायला जायची. आता कुत्र्याच्या पिसवा बघितल्या की आई तेच काढते.

वाचनवेडा_कसबा
कुत्र्यामांजराच्या पिसवेला गालावर आणि मानेवर काळ्या काट्यांचे कंगवे असतात. प्लेगवाल्या उंदराच्या पिसवेला, झेनोप्सिला किऑपिसला, कंगवा नसतो. नाव पिरॅमिडवाल्या किऑप्स राजावरून. तिचीच एक जवळची बहीण आहे ॲस्टिया, ती पण बिनकंगव्याची, पण प्लेग पसरवायला कमजोर. मद्रास, कोलंबो भागात प्लेग मुंबईसारखा का माजला नाही ह्याचं एक कारण तिथं ॲस्टिया जास्त होती हे हर्स्ट नावाच्या डॉक्टरनं दाखवलं. ह्या दोघी बहिणी वेगळ्या करायच्या तर पिसू उकळून, पारदर्शक करून पोटातली वीर्याची पिशवी बघावी लागते. घरात करू नका.

गगनबावड्याचा_वाटाड्या
पिसवा, डास सगळं झालं, रानातल्या गोचिडाला कुणी कीटक म्हणू नका एवढंच. मोठ्या गोचिडाला आठ पाय, तो कोळ्याच्या घरातला. खाली दोडामार्गात माकडतापानं माणसं गेली ती त्यानंच. बारक्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, तिथं फसायला होतं.

फुलेवाडीचा_अम्या
ताई, आण्णा, आलो परत. काल संध्याकाळी डबी फ्रिजरात ठेवली दहा मिनिटं, डास गार झाले, मग मोबाईलला पोराच्या खेळण्यातलं भिंग चिकटवून फोटो काढले. बायकोनं फ्रिजर उघडला तेव्हा मटणाच्या डब्यावर डासाची डबी बघून जे बोलली ते इथं लिहिता येत नाही.
मोठा डास: पायावर रिंगा नाहीतच! पाय सगळे काळे. पांढरं आहे ते पोटाच्या दोन्ही कडांना, त्रिकोणी ठिगळं. सोंड खाली बाकदार.
बारका: पायात रिंगा, पण पाठीवरची नक्षी अर्धी पुसलेली, एका बाजूला कंस असल्यासारखा वाटतो, मधलं काही कळत नाही. टाळी मारली नव्हती, शप्पथ.

भिंगवाली_ताई
मोठा म्हणजे आर्मिजेरिस. बाकदार सोंड, बिनरिंगांचे पाय, पोटाच्या कडेला पांढरी ठिगळं, दिवेलागणीला हल्ला. डेंग्यूच्या वाहकांत त्याला कुणी धरत नाही. हा सेप्टिक टँकमधला. बाथरूमच्या बाजूला टँकची हवेची पाईप आहे का बघ, तोंडाला जाळी बांध.
बारक्याचं: म्हाताऱ्या डासाचे खवले आपोआप झडतात, त्यात तुझा दोष नाही. पाठ पुसली असेल तर दोन खुणा आणखी आहेत. सोंड जिथं डोक्याला चिकटते तिथं एक छोटा उंचवटा असतो, नाकासारखा. इजिप्तीच्या मादीच्या त्या नाकावर दोन पांढरे ठिपके, नथीचे मोती म्हण. अल्बोपिक्टसचं नाक काळं. आणि मधल्या पायाची मांडी बघ, इजिप्तीच्या मांडीवर पुढच्या बाजूनं लांबीत पांढरी रेघ असते, अल्बोपिक्टसच्या नसते.

फुलेवाडीचा_अम्या
नथीचे मोती दिसले!! दोन्ही. मांडीवर रेघ पण हाय.

निवृत्त_सुपरवायझर
मग इजिप्ती. म्हणजे गटार सोडा, घरं बघा. हा डास लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरातच कुठंतरी पाणी आहे. अळीचा डास व्हायला आठदहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा भांडी रिकामी करून घासायची. नुसतं ओतून उपयोग नाही, अंडी पाण्याच्या वर काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे.
आणि गल्लीला सांगा, प्रत्येक इजिप्तीत डेंग्यू नसतो. आजारी माणसाला चावल्यावर साधारण आठ ते बारा दिवसांनी तो दुसऱ्याला द्यायच्या लायकीचा होतो. म्हणून घरात ताप असेल तर त्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा.

बिंदू_चौकातला
दिवसा मच्छरदाणी म्हणजे आमच्या आबांची दुपारची सोयच झाली.

फुलेवाडीचा_अम्या
रविवारी गल्लीतल्या चौघांनी मिळून अकरा घरं बघितली. आण्णांच्या सांगण्याप्रमाणं दोन मिनिटं गप्प उभं राहून. बॅरेलं बहुतेक साफ होती, भीतीनं सगळ्यांनी धुतली होती. अळ्या कुठं सापडाव्यात? काकांच्याच फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. आखूड नळी, उभ्या लटकलेल्या, बॅटरी लावली की खाली पळाल्या. काका म्हणाले, "ह्या ट्रेला मी वीस वर्षात हात लावला नाही, हे असतंय हेच म्हाईत न्हवतं." सेप्टिक टँकच्या पाईपला बायकोच्या जुन्या ओढणीची जाळी बांधली. संध्याकाळची झुंड आज निम्मी पण नव्हती.
ट्रेमधल्या थोड्या अळ्या जाळीचं झाकण लावून बरणीत ठेवल्यात, त्यातून आज पहिला डास निघाला. फोटो टाकतोय. ताई, ह्याच्या मिशा बघा.

भिंगवाली_ताई
झुपकेदार. हा नर. काकांना सांग, एक नर, एक मादी होते खरे, फक्त दोन्ही त्यांच्याच घरचे. आणि बरणीतलं बाकीचं आजच उकळत्या पाण्यात ओत.